बाईंचा तास

नमस्कार, श्रोतेहो.

पिवळ्या कागदांचं पॅड, हातात शिसपेन्सिल आणि अंगाखांद्यावर तान्हं मूल. मूल नेमकं त्या कागदावरच संत्र्याचा रस ओकतं. आई उठत नाही. ओल्या डागाच्या कडेकडेनं लिहीत वाक्य पुरं करते. मूल काय, इथंच असणार, वाक्य मात्र निसटलं तर परत सापडायचं नाही, असा तिचा साधा हिशोब.

ही आई म्हणजे अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन. पुढं त्या प्रिन्स्टन विद्यापीठात लेखन शिकवायच्या, म्हणून मी त्यांना मॉरिसनबाई म्हणतो. आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं.

बाईंचा जन्म १९३१ चा, ओहायो राज्यातल्या लोरेन गावचा. मूळ नाव क्लोई वॉफर्ड. वडील वेल्डर. बाई दोनेक वर्षांच्या असताना घरभाडं थकलं, महिन्याचे चार डॉलर. घरमालकानं काय करावं? माणसं आत असताना घर पेटवून दिलं! बाई सांगायच्या, आईवडील रडले नाहीत, त्या माणसाला हसले. चार डॉलरसाठी स्वतःचंच घर जाळणाऱ्याला दुसरं काय करणार?

शिक्षण झालं, हॉवर्ड विद्यापीठात नोकरी लागली. तिथं लिहिणाऱ्यांचा एक छोटा गट जमायचा. दर वेळी नवं काहीतरी लिहून न्यायचं, जुनं चालायचं नाही. आणि जेवण फर्मास असायचं, हेही बाईंनी लपवलं नाही. गटात टिकायचं म्हणून त्यांनी एक गोष्ट लिहिली, निळे डोळे मागणाऱ्या काळ्या मुलीची. लहानपणी एका मैत्रिणीनं खरंच देवाकडे ते मागितले होते. त्या गोष्टीची कादंबरी झाली १९७० साली, ‘द ब्लूएस्ट आय’. तोवर बाई एकोणचाळीस वर्षांच्या, घटस्फोटित, पदरी दोन मुलगे, आणि रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादकाची पूर्णवेळ नोकरी. मुक्केबाज महंमद अलीचं आत्मचरित्रसुद्धा बाईंच्या हाताखालून गेलंय. स्वतःचं लेखन पहाटे, मुलं उठायच्या आत. पुढं मुलं मोठी झाली तरी सवय राहिली. अंधारात उठून कॉफी करायची आणि उजाडताना बघत बसायचं.

१९८८ मध्ये पुलित्झर, १९९३ मध्ये नोबेल. साहित्याचं नोबेल मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती राहू दे. मला ओढ आहे ती प्रिन्स्टनच्या वर्गाची. १९८९ पासून २००६ पर्यंत बाई तिथं होत्या.

लिहायला शिकणाऱ्याला सगळे एकच सांगतात, तुला जे ठाऊक आहे ते लिही. बाई पोरांना सांगायच्या, तुम्हाला काहीएक ठाऊक नाही! तुमचं प्रेम, तुमचे आईबाप, तुमचे दोस्त मला नकोत. जेमतेम इंग्रजी येणारी एखादी मेक्सिकन वेट्रेस डोळ्यांसमोर आणा. पॅरिसमधली एखादी बडी बाई आणा. त्यांच्याबद्दल लिहा.

विशीतल्या पोरांना हे झोंबत असणार. पण बाईंनी स्वतः हेच केलं होतं. नोकरीत एका पुस्तकाची जुळवाजुळव करताना १८५६ सालातलं एक कात्रण त्यांच्या हाती आलं. मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री गुलामगिरी चालणाऱ्या केंटकी राज्यातून पळाली, गोठलेली ओहायो नदी ओलांडून पलीकडं, गुलामगिरी नसलेल्या ओहायोतल्या सिनसिनाटीला पोचली. पकडायला माणसं आली, तेव्हा तिनं पोटची मुलगी स्वतःच्या हातानं मारली, पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून.

‘बिलव्हेड’ ही १९८७ ची कादंबरी त्या कात्रणातून आली. दुसरा कुणी असता तर दफ्तरं धुंडाळत बसला असता. गुलामगिरीचा काळ बाईंनी कसून अभ्यासला, पण मार्गारेटच्या आयुष्याचा फारसा माग काढला नाही. मुद्दामच. त्यांना तिचं आयुष्य स्वतः रचायचं होतं.