गठ्ठा कोण सोडणार?

(फरशीवर पडणाऱ्या काड्या, अगदी जवळून. आवाज मोठा.)

हे खराट्याचे हीर आहेत. वीतभर कापलेले, टोकं फरशीवर घासून बोथट केलेली. दहा मोजून रबर लावलं की एक दशक. चार मुलांच्या गटाला असे नऊ गठ्ठे आणि दहा सुट्या काड्या. डब्यात बरोबर शंभर.

सातारा जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. मग दोन इयत्ता एका खोलीत येणारच. या खोलीत दुसरी आणि तिसरी एकत्र बसतात. वीस मुलं, पाच सतरंज्या.

(फरशीवरची रंगीत आखणी. भिंतीलगतचा बुटका फळा.)

याच जिल्ह्यात कुमठे बीटातल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या, शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असे, वर्ग उभे केले आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. २२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगाव फरशा रंगल्या. पण फरशी रंगवायला दोन दिवस पुरतात. मुलांना एकमेकांची गरज पडेल असं काम रोज मांडायचं, ही खरी मेहनत आहे. चार मुलं गोलात बसवली आणि चौघांनी आपापल्या पाटीवर आपापलं गणित सोडवलं, तर तो गट नव्हे. ती नुसती बसायची जागा.

(फळ्यावर ४३ − २७.)

आता हा गट बघा. दोघं दुसरीचे, दोघं तिसरीचे. गठ्ठे तिसरीतल्या मुलीकडे. सुट्या काड्या दुसरीतल्या मुलाकडे. त्याला विसापर्यंत मोजता आलं की पुरे. तिसरा पाटीवर लिहिणार. गटातल्या चौथ्या मुलीच्या हातात काहीच नाही. तिने फक्त विचारायचं, ‘कशावरून?’

नियम एकच, दुसऱ्याच्या काड्यांना हात लावायचा नाही.

चार गठ्ठे, तीन सुट्या मांडल्या. सात द्यायच्या आहेत. सुट्यावाला म्हणतो, ‘माझ्याकडे तीनच आहेत. गठ्ठा सोड.’ त्याने मागितल्याशिवाय रबर निघत नाही आणि तिने सोडल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकत नाही. गठ्ठा सुटतो. दहा आणि तीन, तेरा. सात डब्यात गेल्या, सहा उरल्या. तिकडे तीन गठ्ठ्यांतले दोन गेले, एक उरला. लिहिणारा चारवर काट मारून तीन लिहितो, पण रबर निघाल्यावरच. आधी लिहिलं की ‘हातचा’ हा पुन्हा नुसता पाठ केलेला शब्द होतो.

सोळा.

‘कशावरून?’

(मुलगी उरलेल्या काड्या मोजून दाखवते. निवेदन नाही.)

पलीकडच्या गटाच्या पाटीवर चोवीस आलंय. हातच्याच्या वजाबाकीतली ही नेहमीची चूक. वरच्या तीनातून खालचे सात जात नाहीत, म्हणून मुलं उलटं करतात, सातातून तीन काढतात. बाई त्यावर फुली मारत नाहीत. खाली सतरंजीवर बसतात आणि म्हणतात, ‘काड्यांनी करून दाखवा.’ तीन काड्यांतून सात देता येत नाहीत, हे हाताला लगेच कळतं. पाटी पुसायला कुणी सांगावं लागत नाही.

शेजारच्या गटाने तर गणितच ४३ वजा ७२ असं उतरवलंय. बाईंनी तोंडी ‘सत्तावीस’ म्हटलं होतं. आपल्या भाषेत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. मुलाने ऐकलं तसं लिहिलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असंही वाचायला दिलं, त्यामागचं कारण हेच. त्यावर केवढा वाद झाला ते आठवत असेल. इथे वाद नाही. दोन गठ्ठे, सात सुट्या हातात घ्यायच्या, आणि गठ्ठे मोजून आधी तेच लिहायचे.

(डबे उघडून मोजणी करणाऱ्या बाई. सकाळची वेळ.)

हे सगळं बिघडतं कुठे? एखाद्या गठ्ठ्यात नऊ काड्या असल्या की अख्ख्या गटाचं उत्तर चुकतं आणि खापर सुट्यावाल्यावर फुटतं. म्हणून परिपाठाआधी डबे मोजायचे. उन्हाळ्यात रबरं चिकटून तुटतात, वीसेक जादा ठेवायची. गटात सहा जण घेतले की दोघं खिडकीबाहेर बघतात, त्यामुळे चारच. आणि वर्गातलं हुशार मूल. ते सगळ्यांच्या आधी उत्तर सांगून मोकळं होतं. त्याला विचारणाऱ्याची जागा द्यायची. उत्तर माहीत असून दुसऱ्याला विचारत राहणं त्याला सर्वांत जड जातं, आणि त्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. कामं दर गणिताला उजवीकडे सरकतात. चार गणितं झाली की चौघांची चारही कामं होतात.

गलका होतोच. काड्यांवर बोलण्याचा गलका आणि उनाडक्यांचा गलका कानाला वेगळा लागतो. पाहुण्या अधिकाऱ्यांनी दारातूनच ‘शांत बसा’ म्हणू नये, एवढीच विनंती.

(दारात नवी मुलगी. हातात शिक्षण हमी कार्ड, स्थलांतरित मुलांना नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं.)

ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीनंतर टोळ्या येतात, सोबत मुलं येतात. हिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. बाई तिला पहिल्या दिवशी बोलायला लावत नाहीत. सुट्या काड्यांची जागा देतात. मोजायला मराठी लागत नाही, पण गटाला ही मुलगी लागते. तिच्याकडच्या काड्या आल्याशिवाय कुणाचंच गणित पुढे जात नाही.

(तिचा हात. गठ्ठ्याकडे दाखवलेलं बोट. वीस सेकंद फक्त वर्गाचा आवाज.)

चुकलेली पाटी छातीशी धरून लपवणं या वर्गात थांबलंय.

(पोषण आहाराची घंटा. मुलं काड्या गोळा करतात.)

उठण्याआधी प्रत्येक गट आपला डबा मोजतो. दहा-दहाचे गठ्ठे पुन्हा बांधायचं काम दुसरीचं. एका गटात नव्याण्णव भरतात. खिचडीचा वास येतोय, तरी चौघं परत मोजतात. पुन्हा नव्याण्णव. मग सतरंजीचं एकेक टोक एकेकाने धरलं, उचलून झटकली.

काडी मिळाली. डबा बंद.