पात्याजवळचा कान

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याच्या पठारावर आलं, की खालचा कपाशी-संत्र्याच्या शिवारातला उकाडा मागे पडतो आणि वारा अंगाला लागतो. या वाऱ्यासाठीच मोथा गावाच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

दिवस मावळतोय. डोक्यावरून काहीतरी काळं सुळकन् जातं.

"पाकोयी हाये ते," शेजारचे बाबा सांगतात. "मुकी रायते बापा, आवाजच नाई करत."

पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ. मुकी कुठली! ती सारखी ओरडतेय. आपला कान २० किलोहर्ट्झपाशी थांबतो, तिची हाक ५०च्या आसपास. काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या रेकॉर्डरनं ती टिपलीय. दहापट संथ करून ऐका.

(आवाज : टक्... टक्... टक्... टकटकटक... फर्र्र्र)

तो शेवटचा फर्र्र ऐकलात? किडा टप्प्यात आला की हाकांची सरबत्ती होते, सेकंदाला दीडशेच्या वर. म्हणजे पाकोळी इथून नुसती जात नव्हती, इथंच जेवत होती. पवनचक्कीच्या जागी हा फरक फार मोठा.

खालून आळसावलेलं दिसणारं पातं टोकाशी ताशी २५० किलोमीटरच्या घरात फिरतं. सकाळी खाली पडलेली वटवाघळं मोजू म्हटलं, तर मुंगूस, कुत्री, मुंग्या आधीच पोचलेल्या. चार-पाच ग्रॅमचा जीव कुसळी गवतात सापडणार तरी कसा? म्हणून ऐकायचं.

तेही जमिनीवरून नाही. एवढा बारीक आवाज हवा लगेच गिळते. वीस-तीस मीटरवर हाक विरते, आणि पाती त्याहून वर. म्हणून माइक थेट वर, जनित्राच्या पेटीवर बसवतात आणि प्रत्येक हाकेसोबत वाऱ्याचा वेगही नोंदवतात. वटवाघळं मंद वाऱ्यात जास्त उडतात, आणि तेव्हा वीजही जेमतेमच बनते. वाऱ्यानं सेकंदाला ५-६ मीटरचा वेग गाठेपर्यंत पाती थांबवली, तर मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात, असं उत्तर अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो. कपाशीवरच्या बोंडअळीचा पतंग रात्रीच उडतो, त्याला टिपणारी हीच, आणि अनेक वटवाघळांना वर्षाला पिल्लू एकच.

मिरगाची पहिली सर आली की उधईला, म्हणजे वाळवीला, पंख फुटतात, आणि त्या रात्री आभाळात पंगत बसते. माइक त्याआधी, रोहिण्यांतच वर चढवलेला बरा. आणि त्यावर पाणी साचू देऊ नये. ओला माइक बहिरा होतो.