आतून उमटणारी नक्षी

नमस्कार श्रोतेहो.

बाजरी पेरणाऱ्यांना अरगट रोग सांगायला नको. कणसातून आधी मधासारखा चिकट स्राव गळतो, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. म्हणून तर बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकतात. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली बुरशी पडते. तिच्यातल्या द्रव्यांपासून औषधं करता येतील का, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सँडोझ कंपनीत, आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ तपासत होते. त्या कामात १९३८ साली एलएसडी हे भास घडवणारं रसायन तयार झालं, आणि फारसा उपयोग दिसेना म्हणून बाजूला पडलं. १९ एप्रिल १९४३ रोजी हॉफमन यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं. मात्रा २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. सायकलवरून घरी जाताना समोरचं सगळं वाकडंतिकडं होऊन हलायला लागलं.

एवढ्याशा मात्रेनं माणसाचं जग हलतं, याचा अर्थ ती मेंदूत कुठंतरी नेमक्या जागी जाऊन बसत असणार. ती जागा आता माहीत आहे. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणं हे त्याचं काम. निरोप घेणाऱ्या पेशीवर त्यासाठी रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलायच्या जागा, असतात, आणि त्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यातला ‘५-एचटी-२ए’ नावाचा प्रकार आपल्या गोष्टीतला मुख्य. एलएसडीची घडण सेरोटोनिनशी मिळतीजुळती असल्यामुळे ते तिथं बसतं. मेक्सिकोतल्या अळंब्यांमधल्या सायलोसिबिनचं शरीरात जे द्रव्य बनतं, तेही तिथंच बसतं. पुरावा? झुरिकमध्ये फ्रान्झ फोलनवायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना आधी केटॅनसेरिन हे औषध देऊन हा रिसेप्टर अडवून ठेवला आणि मग सायलोसिबिन दिलं. भास जवळजवळ झालेच नाहीत. १९९८ सालचा हा निष्कर्ष.

आणखी एक गंमत २०१७ साली कळली. याच कुटुंबातल्या एका रिसेप्टरमध्ये एलएसडीचा रेणू शिरला, की रिसेप्टरचाच एक भाग त्याच्यावर झाकणासारखा मिटतो. रेणू आत अडकून पडतो. एलएसडीचा अंमल दहा-बारा तास का टिकतो, याचं एक कारण बहुधा हेच.

पण नुसतं तिथं बसल्यानं भागत नाही. पार्किन्सनच्या आजारात वापरलं गेलेलं लिसुराइड हे औषध याच रिसेप्टरवर बसतं आणि तरी भास होत नाहीत. पेशीच्या आत पुढे कोणती साखळी सुरू होते, यावर ते ठरतं. हे उंदरांवर तपासतात. आता उंदराला काय दिसतंय हे कसं कळणार? एलएसडी दिलं की उंदीर राहून राहून डोकं झटकतो, लिसुराइडनं झटकत नाही. झटके मोजत बसायचं. मोठमोठ्या प्रयोगशाळांत अक्षरशः हेच चालतं.

हे रिसेप्टर मेंदूच्या वरच्या सालीत भरपूर असतात, विशेषतः तिच्या खोल थरातल्या मोठ्या पेशींवर. त्या पेशी भलत्याच उत्तेजित झाल्या, की पाहण्याचा व्यवहार बिघडतो. पाहणं म्हणजे डोळ्यांनी फोटो काढून आत पाठवणं, असं आपल्याला वाटतं. तसं ते नाही. डोळ्यांकडून येणारी माहिती थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जाते, आणि तिथं डोळ्यांकडून येणाऱ्या जोडण्यांपेक्षा वरून, खुद्द मेंदूच्या सालीतून उतरणाऱ्या जोडण्या जास्त असतात. मेंदू सतत अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून तो पडताळून घेतो. अंधारात दोरी साप वाटते ती त्यामुळेच. दिवा लावला की साप जातो. एलएसडीच्या अंमलाखाली दिवा लावलेला असतो, दोरी आहे हेही बहुतेकदा कळत असतं, तरी ती वळवळते.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नक्षीचा भाग. हाइनरिख क्ल्युव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात पेयोटे निवडुंगातल्या मेस्कलिनच्या भासांचा अभ्यास केला. वेगवेगळ्या माणसांना दिसणारे आकार फिरून फिरून चारच: मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि मळसूत्र. अर्धशिशीत किंवा मिटलेल्या पापण्या दाबल्यावरही असेच आकार दिसतात. असं का?

मेंदूच्या मागच्या बाजूला समोरच्या दृश्याचा एक नकाशा असतो. पण तो समप्रमाणात नसतो. नजरेच्या मधोमध असलेल्या चिमुकल्या भागाला त्यात अफाट जागा मिळते, कडांना थोडी. त्यामुळे डोळ्यासमोरचं वर्तुळ त्या नकाशावर साधारण सरळ रेषा होऊन उतरतं. मधून बाहेर जाणारे किरणही सरळच उतरतात, पण वर्तुळाच्या रेषेला काटकोनात. आता उलटं चला. डोळ्यांकडून काहीच आलेलं नाही, पण उत्तेजित पेशी आपोआप समांतर पट्ट्यांमध्ये पेटल्या. मेंदू ते नेहमीच्या नकाशानं वाचणार. पट्टे एका दिशेचे असले तर एकात एक वर्तुळं, म्हणजे बोगदा. काटकोनातले असले तर किरण. तिरपे असले तर मळसूत्र. जॅक कोवान आणि बार्ड अर्मेंट्राउट यांनी १९७९ साली याचं गणित मांडलं. लोकांना तो बोगदा दुसऱ्या जगाची वाट वाटतो. या गणिताप्रमाणे ती त्यांच्याच मेंदूची आखणी आहे. मला दुसऱ्या जगापेक्षा हे जास्त अद्भुत वाटतं.

धोतऱ्याची गोष्ट वेगळी, बरं का. तो सेरोटोनिनशी खेळत नाही, ॲसिटिलकोलिन नावाचं दुसरंच द्रव्य अडवतो. त्याच्या अंमलात माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो, ते खरंच समजतो आणि नंतर बरंचसं विसरतो. धोतरा खायला घालून घरं लुटतात, हे गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ सालीच लिहून ठेवलंय. तो जीवही घेऊ शकतो.

आपल्याकडे एलएसडी आणि सायलोसिबिन १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. चोरून विकल्या जाणाऱ्या कागदाच्या तुकड्यावर एलएसडीच असेल याचीही खात्री नाही. त्या नावाखाली विकलेल्या दुसऱ्याच रसायनांनी माणसं दगावली आहेत. ही द्रव्यं औषध म्हणून चालतील का हे पाहणाऱ्या चाचण्यांतूनही स्किझोफ्रेनियाचा इतिहास असलेल्यांना वगळतात.

चाचण्या मात्र जोरात आहेत. दुसऱ्या उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसिबिन देण्याची परवानगी दिली. या चाचण्यांचे आकडे वाचताना मी जरा हात राखूनच वाचतो. औषधाची पारख करायची तर निम्म्या रुग्णांना खोटी गोळी द्यावी लागते आणि कुणाला काय मिळालं हे कुणालाच कळता कामा नये. इथं ज्याला खरी गोळी मिळाली त्याला तासाभरात कळतं. ज्याला मिळाली नाही, त्यालाही कळतं.