बाटलीत काय होतं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला पन्नास मिनिटं दिलीत आणि पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोगाचार स्वच्छ आहे का?’ पोगाचार म्हणजे टूर द फ्रान्स गाजवणारा स्लोव्हेनियन सायकलपटू, आणि स्वच्छ म्हणजे उत्तेजकं न घेणारा. मी कळवलेला विषय जरा वेगळा होता, ‘व्यावसायिक सायकलिंगमधली वैरं आणि डोपिंगचा संशय’. पण असल्या शीर्षकाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार. हॉल भरलाय, तेव्हा माझी तक्रार नाही. उत्तर शेवटी देईन. मध्येच उठून गेलात तर हुकेल.

टूर म्हणजे टूर द फ्रान्स, पिवळी जर्सी एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला, हे इथे सांगायला नको. पुणे ग्रँड टूर झाल्यापासून तर ज्यांनी वर्षानुवर्षं सायकलला हात लावला नाही तेही सायकलपटूंच्या घोळक्याला ‘पेलोटॉन’ म्हणायला लागलेत. परदेशी सायकलपटू येणार म्हटल्यावर आपल्याकडचे रस्ते किती झटपट गुळगुळीत होऊ शकतात, तेही त्या निमित्ताने कळलं. असो.

माझं दुखणं आमच्या रविवारच्या ग्रुपमधलं आहे. चहाच्या टपरीवर सायकली टेकल्या की दोन तट पडतात. पोगाचारवाले म्हणतात, त्याचा डॅनिश प्रतिस्पर्धी विंगेगार्ड उत्तेजकं घेतो. विंगेगार्डवाले म्हणतात, पोगाचार घेतो. दोघांचा पुरावा एकच, ‘असं माणसाला जमणंच शक्य नाही’. आपला माणूस जिंकला की तीच गोष्ट जिद्द, मेहनत आणि उंचावरचा सराव यांच्या खात्यात जमा. म्हणजे संशय रक्ताच्या नमुन्यावरून ठरतच नाही, पक्षावरून ठरतो. आणि हे आजचं नाही. यातला आद्य संशयी माणूस माझा अत्यंत लाडका आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

त्याचं नाव जीनो बार्ताली. इटलीतल्या टस्कनीचा सायकलपटू, कट्टर कॅथलिक. 1938 ची टूर जिंकला आणि मध्ये महायुद्ध होऊन गेल्यावर, दहा वर्षांनी, 1948 ची पुन्हा जिंकला. युद्धाच्या काळात यानेच ज्यूंसाठी बनावट कागदपत्रं सायकलच्या नळीत लपवून पोचवली, आणि हयातीत त्याचा गवगवा केला नाही. अशा माणसासमोर उभा राहिला फाउस्तो कोप्पी. पाच वर्षांनी लहान, पिडमाँटचा, देवधर्माशी फारसं देणंघेणं नसलेला, आणि चढावर असा की मागचे नुसते बघत राहायचे. सगळा इटली दोघांत वाटला गेला.

1946 चा जिरो, म्हणजे इटलीची टूर. जेनोवाहून निघालेला टप्पा, ब्राक्को नावाचा घाट. बार्ताली कोप्पीच्या मागे आहे. कोप्पी जर्सीतून काचेची छोटी कुपी काढतो, तोंडाला लावतो आणि रस्त्याकडेच्या गवतात भिरकावतो. आता तुम्ही-मी काय केलं असतं? पेडल मारलं असतं. बार्तालीने ती जागा डोक्यात पक्की करून ठेवली. शर्यत संपल्यावर हा गृहस्थ गाडी घेऊन पुन्हा त्या घाटात गेला, गवतात शोधाशोध केली, कुपी सापडवली आणि तपासायला आपल्या डॉक्टरांकडे दिली.

बाटलीत काय होतं? फ्रान्समध्ये मिळणारं एक साधं टॉनिक! डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही विकत घेता येईल असं.

एखादा ओशाळून गप्प बसला असता. बार्तालीने यातून भलताच धडा घेतला: आपलं तपासतंत्र कच्चं आहे. मग तो पद्धतशीर कामाला लागला. कोप्पीच्या हॉटेलातल्या खोलीत जायचं, पेले हुंगायचे, बाटल्या, नळ्या, पुड्या, टोपलीतला कचरा, सगळं बघायचं. या विद्येत आपण इतके तरबेज झालो की आज कोप्पी शर्यतीत कसा वागेल ते आपल्याला आधीच कळायचं, असं त्याने नंतर स्वतःच सांगून ठेवलंय. लाजबीज काही नाही. थकला की कोप्पीच्या गुडघ्यामागची एक शीर फुगते, म्हणून तिच्यावर नजर ठेवायला त्याने संघातला एक माणूसच नेमला होता, असंही सांगतात. आपल्याकडे सुनेवर एवढी पाळत ठेवत नाहीत. (समोरच्या रांगेत कुणीतरी ‘ठेवतात’ म्हणालं. ठीक आहे, ठेवतात.)

1948 च्या जागतिक स्पर्धेत, वाल्कनबुर्गला, दोघंही इटलीच्या संघात होते. एकमेकांवर नजर ठेवण्याच्या नादात पुढची मंडळी निघून गेली आणि दोघांनी शर्यत सोडली. इटालियन संघटनेने दोघांनाही निलंबित केलं. आणि गंमत बघा, 1952 च्या टूरमधला त्यांचा सगळ्यांत गाजलेला फोटो बाटलीचाच आहे. घाटात एक जण दुसऱ्याला पाण्याची बाटली देतोय. कोण कुणाला देतोय, यावर इटलीत पुढे कित्येक वर्षं भांडणं झाली.

बार्तालीचा संशय खोटा होता का, तर नाही. कोप्पीला पुढे टीव्हीवर विचारलं, सायकलपटू ‘ला बोंबा’ घेतात का? म्हणजे अँफेटामाइन वगैरे. हो म्हणाला. तुम्ही? गरज पडली की. गरज कधी पडायची? जवळजवळ नेहमीच. तेव्हा त्याला बंदीही नव्हती. म्हणजे संशय बरोबर, सापडलेला पुरावा मात्र टॉनिकचा. प्रतिस्पर्ध्याच्या साक्षीचं हे असं असतं.

आता थोडा पळतो. 1966 मध्ये टूरमध्ये पहिल्यांदा चाचणीवाले आले, बोर्दोच्या हॉटेलात. पहिला नमुना घेतला तो फ्रान्सच्या पुलिदोरचा. बिचारा आयुष्यभर दुसरा-तिसरा येत राहिला, पिवळी जर्सी एक दिवससुद्धा अंगावर चढली नाही, पण इथे तेवढा पहिला नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सायकलपटूंनी उतरून निषेध केला आणि त्यात पुढे होता आंकेतिल, पुलिदोरचा हाडवैरी. शर्यतीत एकमेकांचं तोंड न बघणारे लोक चाचणीविरुद्ध एक! पुढच्याच वर्षी, 13 जुलै 1967 ला, व्हाँतू डोंगराच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन दगावला. अंगात अँफेटामाइन आणि दारू, वर रणरणतं ऊन.

1978 चा बेल्जियन पोलेंतिए तर सांगायलाच हवा. आल्प द्युएझला जिंकला, पिवळी जर्सी मिळाली आणि चाचणीच्या खोलीत गेला तो काखेत रबरी फुगा घेऊन. फुग्यात दुसऱ्याची लघवी, तिथून खाली नळी. शेजारी हीच युक्ती करणाऱ्या दुसऱ्या सायकलपटूच्या नळीने घोटाळा केला, डॉक्टरांना शंका आली, याचा शर्ट वर करायला लावला आणि जर्सी गेली. हसताय, पण आपल्याकडे नाडाचे, म्हणजे उत्तेजक चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक आलेत म्हटल्यावर मैदानावरून खेळाडूच गायब होतात, तेव्हा जरा जपून हसा.

आता ज्यासाठी मी खरा आलोय ती गोष्ट. 23 जुलै 2004, टूरचा अठरावा टप्पा, आनमासहून लों-ल-सोनिएला. टूर जवळपास संपलीय. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग पिवळ्या जर्सीत, चारएक मिनिटांची आघाडी. अशा दिवशी कुणी किरकोळ सहा जण पुढे निसटले तर पिवळी जर्सीवाला ढुंकूनही बघत नाही. फिलिप्पो सिमेओनी नावाचा इटालियन त्या सहा जणांना गाठायला निघतो. हा पाणक्या. संघाच्या नायकाला बाटल्या पुरवणाऱ्यांपैकी. एकूण क्रमवारीत इतका मागे की त्याच्यापासून कुणालाही धोका नाही. आणि त्याच्या मागे कोण सुटतं? खुद्द आर्मस्ट्राँग.

का? या सिमेओनीने मिकेले फेरारी या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती, ईपीओ, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध, कसं घ्यायचं ते मला यांनी शिकवलं म्हणून. फेरारी आर्मस्ट्राँगचाही डॉक्टर. आर्मस्ट्राँग त्याला वर्तमानपत्रात खोटारडा म्हणाला, सिमेओनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याची ही परतफेड.

दोघं त्या सहा जणांना गाठतात. पिवळी जर्सी पुढे आहे म्हटल्यावर अख्खी टूर पाठलाग करणार, म्हणजे त्या सहा जणांचा दिवस मातीत. ते आर्मस्ट्राँगला विनवतात, बाबा, तू मागे जा. तो म्हणतो, हा जात असेल तर मी जातो. सिमेओनी त्या सहा जणांकडे बघतो आणि पाय थांबवतो. दोघं मागे येतात. आणि मग आर्मस्ट्राँग कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्याची खूण करतो. जगभर थेट प्रक्षेपण चालू असताना! घोळक्यात परतल्यावर आपल्याच इटालियन मंडळींनी शिव्या घातल्या, असं सिमेओनीने नंतर सांगितलं.

पॅरिसच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे शॅम्पेनचे ग्लास हातात घेऊन फोटो काढतात, तिथे हा पठ्ठ्या पुन्हा पुन्हा पुढे सुटत राहिला आणि आर्मस्ट्राँगचा संघ दरवेळी त्याला पकडत राहिला. 2008 मध्ये सिमेओनी इटलीचा राष्ट्रीय विजेता झाला. 2009 च्या जिरोला त्याच्या संघाला बोलावणं नाही. त्याने विजेत्याची जर्सी संघटनेला परत केली.

त्याच्याआधी 1999 मध्ये फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासाँचं हेच झालं होतं. वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा, या वेगाने स्वच्छ माणूस जात नाही म्हणायचा. आर्मस्ट्राँगने चालू शर्यतीत गाठून त्याला घरी जा म्हणून सांगितलं, आणि तो खरंच टूर सोडून गेला. आता मला सांगा, या सगळ्या वर्षांत जर्मन सायकलपटू उलरिख काय करत होता? आर्मस्ट्राँगचा सगळ्यांत मोठा वैरी. तीनदा त्याच्यामागे दुसरा. 2003 मध्ये लूझ आर्दिदेनच्या चढावर आर्मस्ट्राँग पडला, तर हा त्याच्यासाठी थांबला. त्याने कधी अवाक्षर काढलं का? नाही, कारण त्याचेही डॉक्टर होते, त्याच्याही, परत अंगात चढवायला साठवलेल्या, रक्ताच्या पिशव्या होत्या. तेरी भी चूप, मेरी भी चूप. 2012 मध्ये आर्मस्ट्राँगच्या सातही टूर काढून घेतल्यावर पहिला क्रमांक कुणालाच दिला नाही. खालच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांचा इतिहास बघता दुसरा इलाज नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की…

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अध्यक्षमहाराज, पोगाचार अजून यायचाय. बरं, भराभर सांगतो.

वेळेचा पुरावा. 2024 मध्ये प्लातो द बेईच्या चढावर पोगाचारने इटालियन सायकलपटू पंतानीचा 1998 चा विक्रम साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. पंतानीचा तो काळ ईपीओचा, म्हणून लोक हादरले. पण त्या दिवशी दुसरा आलेला विंगेगार्डही पंतानीपेक्षा दोन मिनिटांहून वेगवान होता, हे विंगेगार्डवाले सांगत नाहीत. टायर बदलले, सायकल आणि कपडे हवा कापणारे झाले, तासाला शंभरेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, वॅट मोजून पळतात. यातून किती मिनिटं निघतात आणि किती उरतात, हे नुसतं घड्याळ सांगू शकत नाही.

चाचणीचा पुरावा. ‘एकदाही सापडला नाही’ हे वाक्य आर्मस्ट्राँगने वापरून वापरून निकामी केलंय. 2008 पासून जैविक पासपोर्ट आहे. त्यात औषध शोधत नाहीत. तुमचं हीमोग्लोबिन आणि नव्या लाल पेशींचं प्रमाण वर्षानुवर्षं तुमच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून बघतात. त्यामुळे नव्वदच्या दशकातला बेफाम प्रकार आज अवघड आहे. अगदी लहान मात्रा मात्र निसटू शकते. कार्बन मोनॉक्साइड हुंगायचं नवं प्रकरण निघालं. पोगाचार आणि विंगेगार्ड, दोघांचेही संघ म्हणाले, आम्ही फक्त रक्तातलं हीमोग्लोबिन मोजायला वापरतो. 2025 मध्ये दवाखान्याबाहेर त्याला बंदी आली.

आता घराणी. पोगाचारच्या संघाचे प्रमुख मौरो जानेत्ती. 2008 मध्ये ते ज्या संघाचे प्रमुख होते, त्याचा सायकलपटू रिक्को डोपिंगमध्ये टूरमध्येच पकडला गेला आणि संघाने टूरमधून गाशा गुंडाळला. विंगेगार्डवाले टाळ्या वाजवतायत. थांबा. विंगेगार्डचा संघ म्हणजे जुना राबोबँक. त्याचा रास्मुसेन 2007 मध्ये पिवळ्या जर्सीत असताना चाचणीसाठी कळवायच्या ठावठिकाण्याबद्दल खोटं बोलला, म्हणून संघानेच घरी पाठवला. तोही डॅनिशच.

तर स्वच्छ आहे का? दोषी ठरवण्यासारखं पोगाचारविरुद्ध काही नाही आणि विंगेगार्डविरुद्धही नाही. एकाचा संशय घ्यायचा असेल तर दोघांचा घ्या. मला स्वतःला विंगेगार्ड आवडतो, तेव्हा माझा संशय कुणाकडे झुकतो ते तुम्ही ओळखा आणि त्याला तेवढीच किंमत द्या. 2022 मध्ये पोगाचार पडल्यावर विंगेगार्ड थांबला, दोघांनी हात मिळवले, छान वाटलं. पण उलरिखही थांबला होता. म्हणून मी या दोघांकडे बघतच नाही. मी बघतो चाळिसाव्या, ऐंशीव्या क्रमांकाच्या माणसाकडे, बाटल्या वाहणाऱ्याकडे. तो काही बोलतो का, आणि बोलला तर पुढच्या वर्षी त्याला कुठला संघ घेतो का? सिमेओनीच्या वेळी जे कळायचं ते तिथूनच कळलं. सध्या तिथून आवाज येत नाही. याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला कुठला खरा, यावर पैज लावायला मी तयार नाही.

घंटा झाली. प्रश्न घेऊ. फक्त सायकलमध्ये लपवलेल्या मोटरबद्दल विचारू नका. 2016 मध्ये एक बेल्जियन सायकलपटू त्यात सापडली आणि सहा वर्षं बाहेर बसली. तो विषय काढलात तर हॉलची वेळ संपेल आणि वॉचमन दिवे घालवेल. हां, मागच्या रांगेतले काका, बोला.