वेळेवर थांबायला हवं असं प्रथिन

नमस्कार श्रोतेहो. आज एका प्रथिनाची ओळख करून द्यायची आहे. नाव अंमळ बोजड आहे: एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते १९८६ साली बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या कुळात सापडलं. हे तिथलंच असणार, असं आधी वाटलं होतं. पुढे ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशींत आढळलं.

एरवी ते पेशीद्रवात गप्प असतं, कारण आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने त्याला वेसण घातलेली असते. जंतूची चाहूल लागली की पेशी ही वेसण काही मिनिटांत मोडून टाकते. मग एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं, शेकडो जनुकांना कामाला लावतं, दाह सुरू होतो. आता खरी गंमत ऐका. या जनुकांत आय-कप्पा-बीचंही जनुक असतं! स्वतःला आवरणारी नवी वेसण ते स्वतःच तयार करवून घेतं.

हे काम फक्त जंतूंपुरतं नाही. फळमाशीत याचं एक भावंड आहे, डॉर्सल. भ्रूणाच्या ज्या बाजूच्या केंद्रकांत ते भरपूर शिरतं ते पोट, जिथे शिरत नाही ती पाठ. आईकडून ते मिळालंच नाही, तर भ्रूणाला चारी बाजूंनी पाठच येते आणि ते जगत नाही. उंदरांत एनएफ-कप्पा-बीचा रेल-ए हा घटक काढून टाकला, तेव्हा पिल्लं जन्माआधीच दगावली. त्यांच्या यकृतातल्या पेशी भराभर मेल्या होत्या. पेशींना मरणापासून वाचवणं हेही याचंच काम, हे त्यातून कळलं.

कर्करोगात नेमका हाच गुण घात करतो. हिपॅटायटिस बी-सारखा संसर्ग वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला, की दाह विझत नाही, वेसण पुन्हापुन्हा मोडली जाते आणि ज्या बिघडलेल्या पेशी मरायला हव्यात त्या तगून राहतात. काही रक्तकर्करोगांत तर जनुकंच अशी बिघडतात, की जंतू नसतानाही हे प्रथिन चालूच राहतं.

मग ते सरळ बंदच का करू नये? तसं केलं तर संसर्गाशी लढणार कोण? मायलोमा या रक्तकर्करोगावर २००३ पासून वापरात असलेलं बोर्टेझोमिब हे औषध वेसण मोडणारी यंत्रणाच अडवतं. त्याचे इतरही परिणाम आहेत. हे औषध घेताना नागीण उठू शकते, म्हणून डॉक्टर सहसा जोडीला विषाणूरोधक गोळीही देतात.