पडवीतला प्लग

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी मी विजेवरची मोटरसायकल घरी आणली. वाडीतले एक आजोबा काठी टेकत आले, तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "काय हो गुरुजी, हिला पेट्रोल घालायचं भोक कुठाय?" भोकच नाही म्हटल्यावर त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग लाईट गेली की काय करणार?"

गाडी विकणाऱ्याने मला रंग कोणता हवा, हप्ता किती परवडेल, हे सगळं विचारलं होतं. हा प्रश्न मात्र त्याने विचारला नव्हता. रोज कामावर जायला पेट्रोलची गाडी बरी की विजेची, असं आता मला बरेच जण विचारतात. गाडीबद्दल मी सांगतोच, पण त्याआधी त्यांना त्यांचा रस्ता आणि घरातला प्लग विचारतो.

माझा रस्ता सांगतो. घर पावस गावाच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर, आणि मी शिकवतो ती शाळा रत्नागिरीत. सकाळी सडा उतरायचा, भाट्याच्या सुरुबनाकडेने पुलावर यायचं, काजळीची खाडी ओलांडली की शहर. संध्याकाळी तेच उलटं, म्हणजे दमलेल्या अंगाने आणि अर्ध्या बॅटरीने चढण. जाऊन-येऊन तीस किलोमीटर धरा.

हिशेब महिन्याचा करू. पंचवीस दिवस, 750 किलोमीटर. माझी जुनी पेट्रोलची गाडी या रस्त्याला लिटरमागे पन्नास देते. म्हणजे पंधरा लिटर, आणि लिटर 105 रुपये धरलं तर 1575 रुपये. विजेची गाडी चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला चाळीस वॅट-तास खाते. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस युनिट. युनिट बारा रुपयांनी धरलं तर 360 रुपये. बाराच का धरले? कारण घरचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं. तुमचा वापर आधीच शंभर युनिटच्या आसपास असेल, तर गाडीचे तीस युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. "वीज स्वस्त" म्हणणारे खालच्या टप्प्याचा दर सांगतात. तुम्ही आपलं बिल काढून वरचा टप्पा वाचा.

तरी महिन्याला बाराशे रुपये वाचतात. ऑइल बदलणं नाही, इंजिनातला स्पार्क प्लग साफ करणं नाही, क्लचची वायर तुटणं नाही. पण ही बचत किलोमीटरवर आहे. रोज दहाच किलोमीटर जाणाऱ्याचे महिन्याला चारशे वाचतील, आणि त्यासाठी जास्त किंमत मोजणं मला शहाणपणाचं वाटत नाही. त्यात किमतीतलं अंतरही बदललंय. विजेच्या गाड्यांवर जीएसटी 5 टक्केच आहे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटरसायकलींवरचा कर 28 वरून 18 वर आला. विम्यात विजेच्या गाडीला थर्ड पार्टीच्या हप्त्यात पंधरा टक्के सवलत मिळते, तीही धरा. आणि बॅटरी कधीतरी बदलावी लागेल, हे विसरू नका. गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच असतो.

आता चढाचं बोलू, कारण कोकणात सपाट रस्ता म्हणजे फक्त पूल. जाहिरातीतला दीडशे किलोमीटरचा आकडा संथ वेगाने, एकट्या माणसाचा असतो. चढाचा हिशेब मी नववीच्या मुलांना फळ्यावर करायला दिला होता. गाडी, मी, मागे बायको आणि तिच्या मांडीवर नारळाची पिशवी, सगळं मिळून अडीचशे किलो. हे ओझं शंभर मीटर उंच न्यायला 245 किलोज्यूल लागतात, म्हणजे युनिटचा पंधरावा भाग. मोटरमधली गळती धरली तर सपाटीवरच्या अडीच-तीन किलोमीटरइतका खर्च. म्हणजे शंभर मीटर चढलात की तीन किलोमीटर वजा करा. तुमचा घाट पाचशे मीटर चढत असेल तर पंधरा गेले.

हे वाटतं तेवढं भयंकर नाही. उलट चढावर ही गाडी सुख देते. पेट्रोलच्या गाडीला वळणावर गिअर पाडावा लागतो, मागचा माणूस पुढे आदळतो, समोरून एस.टी. आली की अर्ध्या क्लचवर लोंबकळावं लागतं. हिला गिअरच नाही, थांबलेल्या जागेवरून पूर्ण ताकद मिळते.

फसलो मी उतरावर. उतरताना मोटर उलटी काम करते, बॅटरीत थोडी वीज परत भरते आणि गाडीला आपोआप आवर बसतो. पण मी रात्रभर चार्जिंग लावून सकाळी शंभर टक्के भरलेली गाडी सड्यावरून सोडली. भरलेल्या हंड्यात पाणी कुठे ओतणार? बॅटरी ती वीज घेईना, आवर बसेना, आणि पहिल्या वळणावर माझा जीव घशाशी आला. आता नव्वदला बटण बंद करतो. घर वर आणि काम खाली असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, माहितीपुस्तिकेत ते शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात होतं.

आवाज नसणं ही आणखी एक गंमत. रात्री सड्यावर रस्त्यात बसलेली गुरं पेट्रोलच्या गाडीला निदान मान वर करायची. हिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आता प्लग. मुंबईत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भाच्याला विजेची गाडी घ्यायची तर सोसायटीची परवानगी, खाली वायर, वेगळा मीटर, असं सगळं महाभारत. आपल्याकडे घर जांभ्याचं, पडवी आपली, मीटरही आपलाच. त्यामुळे विजेची गाडी शहराची आणि पेट्रोलची गावाची, असं जे बोललं जातं ते मला उलटं वाटतं. फक्त पंधरा अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. जांभ्याच्या सड्यावर मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थिंग नावालाच उरतं. मीठ-कोळसा घालून खड्डा नीट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. बॅटरी काढून घरात नेता येत असेल तर खाटेखाली किंवा चुलीजवळ ठेवू नका. 2022 मध्ये देशात काही गाड्या पेटल्या, त्याच वर्षी डिसेंबरपासून बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, ही चांगली गोष्ट. तरी वळवाचा पाऊस गडगडायला लागला की मी आधी उठून पडवीतला प्लग काढतो.

आता आजोबांचा प्रश्न. लाईट गेली की काय? एका रात्रीचं काहीच नाही, बॅटरीत दोन दिवसांचं जाणं-येणं असतं. इन्व्हर्टरवर मात्र भिस्त ठेवू नका. घरातल्या दीडशे अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत पावणेदोन युनिट मावतात, गाडीच्या बॅटरीत सव्वातीन. पण 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे काही गावांत कित्येक आठवडे अंधार होता. पंपालाही वीज लागते, पण तिथे जनरेटर असतो आणि पेट्रोल कॅनमधून आणता येतं. वीज कॅनमधून आणता येत नाही.

पाण्याचंही तसंच. गाडीवर आयपी 67 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बॅटरीची पेटी एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास टिकते. भरतीला रस्त्यावर चढलेलं खाडीचं पाणी खारं असतं, ते कनेक्टर कुरतडतं. तिथून मी गाडी घालत नाही. पेट्रोलची गाडी पाण्यात बंद पडली तर स्पार्क प्लग काढून फडक्याने पुसला, चार किका मारल्या की बहुतेक वेळा चालू होते. अर्थात पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात वीस टक्के इथेनॉल आहे, त्याची ऊर्जा कमी, म्हणून मायलेजही थोडं कमी. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही.

माझी खरी तक्रार दुरुस्तीची आहे. मागच्या आषाढात गाडीच्या पडद्यावर एक आकडा उमटला आणि गाडी भाट्याच्या पुलाअलीकडे उभी राहिली. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने जन्मभर मोटरसायकली उघडल्या आहेत. त्याने हिच्याकडे बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "हिच्यात माझा काय उपयोग नाय, हिला लॅपटॉप लागतो." कंपनीचं नाव घेत नाही. गाडी टेम्पोत घालून घाट चढवून कोल्हापुरात नेली. अकरा दिवसांनी परत आली. बिघाड होता एका सेन्सरचा. टेम्पोचं भाडं त्याच्या कितीतरी पट. तेव्हा गाडी घेण्याआधी शोरूम किती लांब आहे यापेक्षा तिथे मेकॅनिक रोज बसतो का, हे विचारा. जमलं तर पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी जाऊन बघून या.

चाकरमान्यांसाठी एक. गावच्या घरात गणपतीला आणि मे महिन्यात वापरायला गाडी हवी असेल तर विजेची घेऊ नका. लिथियमची बॅटरी महिनोन्महिने पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी पडली की तिचं आयुष्य घटतं. ती निम्मी भरून ठेवावी लागते आणि अधूनमधून कोणीतरी बघावी लागते. घरी फक्त म्हातारी आई असेल तर तिला हे काम लावू नका.

आणि माझ्या जुन्या गाडीचं विचाराल, तर ती अजून खोपीत आहे. त्या अकरा दिवसांत तिनेच शाळेत नेलं. दर रविवारी किक मारून दहा मिनिटं चालू ठेवतो, मग झाकतो. बायको म्हणते, दोन-दोन गाड्या कशाला, एक विकून टाका. मी म्हणतो, पाऊस संपू दे, मग बघू. हे मी गेल्या वर्षीही म्हणालो होतो.

नमस्कार.