पडायला शिकवता का?

नमस्कार श्रोतेहो.

आज स्वसंरक्षणाबद्दल बोलायचं आहे. ठोसा, लाथ, चावीनं वार करणं यातलं काही मी आधी सांगणार नाही. आधी सांगणार आहे पडायचं कसं ते. ज्युदोत पहिला धडा पडण्याचाच असतो, आणि गेली २२ वर्षं मी तो शिकवते आहे.

आमचा वर्ग सांगलीत एका जुन्या तालमीत भरतो, संध्याकाळी सहा ते साडेसात. कोनाड्यात मारुती आहे, त्याच्यासमोर पणती असते. पूर्वी इथे लाल मातीचा हौद होता. ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती माती मळायचे, आणि म्हातारे पैलवान अजून सांगतात की बाहेरच्या रस्त्यावरूनच तिचा वास यायचा. आता तिथे फरशी आहे आणि फरशीवर आम्ही गाद्या अंथरतो. विषय निघालाच आहे म्हणून सांगते, हौद बुजवून फरशी बसवलेली कुठेही पाहिली की माझा जीव तुटतो. माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. गावातल्या तालमीचा जीर्णोद्धार करणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, एक कोपरा तरी मातीचा ठेवा.

तर गादीवर पाय ठेवण्याआधी आम्ही कमरेत वाकून नमस्कार करतो. जपानीत त्याला रेई म्हणतात. आपला पैलवान हौदात उतरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. दोन्हीचा भाव एकच आहे. इथे मी शिकायला आलो, मारायला नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो अंगानं लहानखुरे होते, शाळेत दांडगी मुलं त्यांना त्रास द्यायची. त्यापायी ते जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकले, आणि १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात त्यांनी आपला वर्ग सुरू केला. जागा किती? बारा चटया मावतील एवढी. तिथून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडेही ती जुनीच आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९२९ साली ताकागाकी नावाचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही ज्युदो शिकवला. अमर्त्य सेन यांच्या आई, अमिता सेन, तिथेच ज्युदो शिकल्या. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आणि आज आपल्या शाळांत खेळाचा तास गणिताच्या उजळणीला देऊन टाकतात! मुलींचा तर आधी. पालकांनी यावर शाळेत जाऊन भांडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कानोंनी दोन तत्त्वं सांगितली. पहिलं, शक्ती वापरायची ती योग्य ठिकाणी आणि गरजेपुरती. दुसरं, मी आणि समोरचा, दोघांचंही भलं. पुन्हा सांगते. गरजेपुरती शक्ती, आणि दोघांचंही भलं. एवढी दोन लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला आमच्या मावशींची गोष्ट सांगणार आहे.

या मावशी भाजी विकतात. तेव्हा त्यांचं वय ६१. नातीला वर्गात सोडायला यायच्या आणि दाराशी चपला काढून, उंबऱ्याच्या आत न येता, दीड तास उभ्या राहायच्या. मी बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. महिनाभरानं एक दिवस वर्ग सुटल्यावर जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला पडायला शिकवता का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची थोरली जाऊ मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणाला खिळली आणि गेली. मावशी म्हणाल्या, "तुमच्या पोरी रोज शंभरदा पडत्यात आणि हसत उठत्यात. मला बी तसं पडायचंय."

डॉक्टरांना विचारून या, असं मी सांगितलं. ते मी सगळ्यांनाच सांगते, पन्नाशीच्या पुढच्यांना तर बजावून. त्या विचारून आल्या. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला आणि गादीवर आडव्या झाल्या. पहिले पंधरा दिवस फक्त आडवंच. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात अंगापासून वीतभर-दोन वीत लांब, तळवे खाली, आणि दोन्ही हात एकदम गादीवर फाडकन मारायचे, म्हणजे पडण्याचा जोर पाठीत न जाता हातांतून निघून जातो. आणि मारताना श्वास सोडायचा. हनुवटी छातीला, हात गादीवर, श्वास बाहेर. मुली कमरेच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघतात, म्हणजे हनुवटी आपोआप खाली राहते. मावशी कमरेच्या कशाकडे, म्हणजे पैशांच्या पिशवीकडे बघायच्या, ज्यात दिवसाची विक्री असायची. मग उकिडवं बसून मागे. उभ्यानं पडायला त्यांना चौथा महिना लागला. त्या दिवशी हात गादीवर असा वाजला की सगळा वर्ग थांबला.

पण खरी अडचण पुढेच होती. मनगट धरलं तर सोडवायचं कसं, हे शिकवताना मी तोंडानं ओरडायला लावते. "मागे सर!" असं, पोटातून. मावशींच्या तोंडून आवाज फुटेना. ओठ हलायचे. आता विचार करा, या बाईचा आवाज मंडईत चार गाळे ओलांडून जातो. "घ्या मेथी, दहाला जुडी!" मी स्वतः ऐकलाय. तोच गळा स्वतःसाठी दोन शब्द काढताना बसायचा. तीन आठवडे हेच चाललं. त्यांना रडू यायचं, मला काय करावं सुचेना. शेवटी मी म्हटलं, "मावशी, मागे सर राहू द्या. मेथी विका." त्या गादीवर उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि मेथी विकली. तालमीचे पत्रे घुमले. मी म्हटलं, "आता त्याच गळ्यानं." आणि आलं. "मागे सर!" मारुतीसमोरची पणती सोडली तर सगळं हललं तिथे. नात जाऊन त्यांच्या पोटाला बिलगली.

पुढे साधारण दोन महिन्यांनी, पहाटे साडेचारला, मावशी लिलावाला निघाल्या होत्या. रस्त्यावर टेम्पोची वाट बघत एकट्याच. दारू प्यायलेला एक माणूस आला, त्यानं त्यांचं डावं मनगट धरलं आणि दुसरा हात कमरेच्या पैशांच्या कशाकडे नेला.

इथे जरा तांत्रिक सांगते. कुणीही मनगट धरलं तर एका बाजूला चार बोटं असतात आणि एका बाजूला एकटा अंगठा. पकड कच्ची असते ती अंगठ्याच्या बाजूला. आपलं मनगट तिकडे वळवायचं आणि आपलं कोपर त्याच्या कोपराकडे नेत हात काढून घ्यायचा. मागे ओढायचं नाही. मागे ओढलं तर ज्याची ताकद जास्त तो जिंकतो. अंगठ्याकडे वळवा, अंगठ्याकडे. हे घरी बहिणीबरोबर, मुलीबरोबर करून बघा, हळू. रीलमध्ये अर्ध्या मिनिटात दाखवतात आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्याला आलं. बघून येत नाही. हातानं हजारदा केलं की येतं.

मावशींनी हजारदा केलं होतं. हात सुटला. एक पाऊल मागे, आणि मंडईचा तो आवाज. "मागे सर!" यार्डाच्या फाटकातून हमाल धावत आले. त्यांनी त्या माणसाची गचांडी धरली, एकानं हात उगारला, आणि मावशी मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सोडा त्याला. हात सुटला, काम झालं."

संध्याकाळी त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गरजेपुरती शक्ती, हे मी इतकी वर्षं पाठ सांगत होते. आपला कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क पक्का आहे, पण बचावाला लागेल तेवढ्याच बळाचा. आणि श्रोतेहो, तक्रार करायची असेल तर जरूर करा, अडचणीत असाल तर ११२ फिरवा, लाजू नका.

मी विचारलं, "मावशी, भीती वाटली?"

"वाटली की. पर राग न्हाई आला."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करते आहे. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी मनात कुणाचा तरी चेहरा घेऊन येते, ज्याला तिला हाणायचं असतं. मीही आले होते. कॉलेजच्या दिवसांत बसमध्ये मला त्रास देणारा एक चेहरा होता, आणि प्रत्येक डाव मी त्याच्यावर टाकत होते. वर्षभरात तो चेहरा पुसट झाला आणि मग नाहीसा झाला. कसा, ते सांगते. ज्युदोत डाव टाकणारी तोरी आणि पडणारी उके. रोज संध्याकाळी तुम्ही आपली बाही आणि कॉलर दुसरीच्या हातात देता आणि म्हणता, पाड मला. ती पाडते, आणि पाडताना तुमचा हात धरून ठेवते, डोकं आपटू नये म्हणून. मग तुम्ही तिला पाडता, तिचा हात धरता. असं वर्षभर केलं की मनातली एक जुनी गाठ सुटते. कुणी त्याला अध्यात्म म्हणेल, कुणी सराव. मला तर हा नामस्मरणाच्या जवळचा वाटतो. तेच ते, रोज, पूर्ण लक्ष देऊन, आणि हळूहळू त्यातून "मी" कमी होत जातो. हे मी मनापासून सांगते आहे.

मावशींची गोष्ट अजून थोडी राहिली. लिलावात एका अडत्याकडून त्या कित्येक वर्षं टोमॅटोचे क्रेट घेत होत्या. वरचा थर चांगला, तळाशी मऊ पडलेले, पाणी सुटलेले. दर खेपेला तीन-चार किलो फेकायला जायचे. कधी बोलल्या नाहीत. त्या पहाटेनंतर पंधराएक दिवसांनी त्यांनी पैसे देण्याआधी क्रेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पालथा करा." मोठ्यानं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरात बोलतो तसं म्हटलं." तो बघत राहिला. त्यांनी हात काढला नाही. त्यानं क्रेट पालथा केला, आणि त्यांनी एकेक टोमॅटो दाबून, निवडून घेतला.

त्या संध्याकाळी मावशी वर्गाला आल्या, कासोटा खोचला, गादीला हात लावून कपाळाला लावला. आणि कापडी पिशवीतून चार टोमॅटो काढून माझ्या ओंजळीत ठेवले. घट्ट, लालभडक.

म्हणाल्या, "तळचे हायेत."